कंसातली ओळ

मागच्या महिन्यात स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटांना रंग द्यायचं ठरलं आणि ज्याचं त्यानं आपलं सामान काढून घ्यावं अशी सूचना फिरली. माझ्या कप्प्यात जुन्या हजेरीपत्रकांच्या खालून एक दोनशे पानी वही निघाली. तपकिरी कागदाचं कव्हर, कडा कसरीनं खाल्लेल्या, आणि वर माझ्याच अक्षरात नाटकाचं नाव. पंधरा वर्षांपूर्वी बालनाट्य स्पर्धेसाठी मी लिहिलेल्या नाटकाची संहिता. संवाद निळ्या शाईत, हालचाली लाल शाईत, कंसात. तालमीच्या दिवसांत ती किती हातांतून फिरली असेल ते पानांच्या काळवंडलेल्या कोपऱ्यांवरून कळत होतं. उभ्या उभ्याच चाळत होते. एकोणिसाव्या पानावर लाल शाईतला कंस होता: ‘तो व्यापाऱ्याच्या पाया पडतो.’ त्यातल्या ‘पाया पडतो’वर हिरव्या रिफिलनं एक रेघ मारलेली, पट्टी धरून मारावी तशी सरळ. आणि वरच्या चिंचोळ्या जागेत बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर: ‘हात जोडतो.’

अक्षर मी लगेच ओळखलं. दोन वर्षं ज्याचे निबंध तपासले त्याचा कललेला ‘ह’ विसरता येत नाही. पण ही दुरुस्ती मात्र मी त्या दुपारी पहिल्यांदाच पाहत होते.

तो तेव्हा नववीत होता. आमच्या तासगाव भागातल्या निम्म्या मुलांसारखा द्राक्षबागेच्या घरातला. आवाज खणखणीत, उंची बरी, म्हणून शेतकऱ्याचं काम त्याला दिलं होतं. नाटक मी आजूबाजूला बघूनच लिहिलं होतं. व्यापारी येतो, गोड बोलतो, चार किलोच्या पेटीला दर ठरवतो, माल भरून नेतो आणि पैशाला टोलवत राहतो. मग शेतकरी त्याच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन त्याचे पाय धरतो. डिसेंबरचे दिवस होते. शाळा सुटली की पत्र्याच्या शेडमध्ये तालीम, आणि मुलींची एसटी सहा दहाची, म्हणजे हातात जेमतेम तास. शेडच्या मागेच बाग. फवारणीचा ब्लोअर चालू झाला की संवाद ऐकू यायचे नाहीत आणि औषधाचा तो उग्र वास सतरंज्यांना, मुलांच्या स्वेटरांना, सगळ्याला धरून बसायचा. स्पर्धेला आठ दिवस राहिले होते. पाया पडायच्या जागेवर तो आला, थांबला आणि म्हणाला, “बाई, पाया न्हाय पडनार मी.” मला वाटलं, लाजतोय. व्यापारी झालेला मुलगा त्याच्याच वर्गातला, रोज डबा एकत्र खाणारा. मी म्हटलं, “अरे, हे खोटं खोटं आहे.” तो म्हणाला, “खोटं खोटं बी न्हाय. हात जोडतो की.” मी दोनदा समजावलं, एकदा रागावले. तो खाली बघत नव्हता, हे मला आजही आठवतं. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरणं नाही, हुंदका नाही. सरळ माझ्याकडे बघत उभा. तेवढ्यात मुलींचा जीव एसटीत अडकलेला, घड्याळ पुढे चाललेलं. मी वही दुसऱ्या मुलाच्या हातात दिली आणि याला सांगितलं, तू पडदा ओढ आणि प्रॉम्प्टिंग कर.

त्यानं ते केलं. तक्रार केली नाही.

सांगलीला प्रयोगाच्या दिवशी मी त्याच विंगेत होते. नवीन शेतकरी रडत रडत व्यापाऱ्याच्या पायावर कोसळला तेव्हा प्रेक्षागृहात टाळी पडली. आमच्या बाजूच्या खुर्च्यांतून कुणीतरी नाक ओढल्याचाही आवाज आला. मी आनंदानं मागे वळले. तो पडद्याची दोरी दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि तोंड भिंतीकडे. पडदा वेळेवर पडला, एक क्षण इकडेतिकडे झाला नाही. मी मनात म्हटलं, अजून रुसलाय. त्या वर्षी आमच्या शाळेला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. येताना टेम्पोत सगळ्यांनी गाणी म्हटली, वाटेत थांबून भजी खाल्ली. ‘रुसलाय’ हा शब्द मी पंधरा वर्षं तसाच ठेवून दिला होता. त्याच्या घरी आधीच्या हंगामात काय घडलं असेल, घडलं असेल का, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे कितीतरी घरांचे पैसे परगावच्या व्यापाऱ्यांनी बुडवले होते, आणि तरीही ते माझ्या मनात आलं नाही. मी त्या दुःखावरच तर नाटक लिहिलं होतं!

शाळेतलं नाटक म्हणजे काय, हे आम्हा शिक्षकांना कुणी शिकवलेलं नसतं. आमच्याकडे नाटक दोन वेळा येतं, गॅदरिंगला आणि स्पर्धेला. पाहुण्यासारखं येतं आणि मांडव उतरला की जातं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं संगीत, नृत्य, चित्र आणि नाट्य ही चारही अंगं दहावीपर्यंत शिकवावीत असं स्पष्ट म्हटलं होतं. चित्रकलेला निदान तास आहे, शिक्षक आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत. नाटकाला ज्या बाईंना हौस आहे त्या बाई आहेत. मग ती हौस जमेल तशी पोरांच्या अंगावर चढते. तिसरीतल्या मुलाला मिशी, सातवीतल्या मुलीच्या केसांत पांढरी पावडर, पोटाला उशी. वाक्य प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणायचं. ‘आई’ म्हणायचं तर हात छातीशी, ‘देश’ म्हणायचं तर हात वर. आणि तो सूर! महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानाबाहेरून जाताना लाउडस्पीकरवरून येणारा तो सूर ऐकला की आत गॅदरिंगचं नाटक चालू आहे हे कुणीही सांगेल. शेवटचा शब्द लांबवायचा, दर वाक्यानंतर तेवढंच थांबायचं. मधल्या सुट्टीत हीच मुलं एकमेकांशी भांडतात, नकला करतात, मुख्याध्यापकांची चाल चालून दाखवतात तेव्हा यातलं काही नसतं. हा सूर आम्ही शिकवलेला आहे. मीही शिकवला.

याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण आम्ही सांगलीचे. दर पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनी आम्ही मुलांना सांगतो की १८४३ साली इथे, सांगलीत, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं की आपल्या भाषेत असं काही व्हावं, हेही सांगतो. फळ्यावर रंगीत खडूनं सन लिहितो, भाव्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण ते नाटक चालायचं कसं, हे मी कितीतरी वर्षं वर्गात सांगितलंच नव्हतं. पदं सूत्रधार म्हणायचा, आणि पात्रं प्रसंग ओळखून आपापली भाषणं स्वतःच्या शब्दांत करायची. पाठ करायची वही नव्हती. राक्षस आले की असे ओरडायचे, तलवारी घेऊन असे नाचायचे की पुढे लोकांनी त्या नाटकांना ‘अलल्डुर्र’ हेच नाव देऊन टाकलं. तळकोकणात दशावतारी मंडळी आजही रात्र रात्र उभी राहतात ती संवाद जागच्या जागी रचूनच. नट रंगमंचावर आला की पुढचं वाक्य त्याचं स्वतःचं असतं. आमच्या नाटकाची सुरुवात अशी मोकळी, आणि त्याच गावाच्या जिल्ह्यात मी एका मुलाच्या हातून वही काढून घेतली, कारण त्याला कंसातले दोन शब्द बदलायचे होते.

मुलांना दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकवणं हा नाटकाचा सगळ्यात मोठा उपयोग, असं मी पालकसभेत सांगत आले आहे. अजूनही मला ते खरं वाटतं. पण कुणाच्या जागी, किती वेळ आणि तिथे उभं राहून काय करायचं, हे त्या मुलाला विचारायचं असतं, एवढं माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. पुढे एका उन्हाळी शिबिरात ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या दिग्दर्शकाच्या पद्धतीनं काम करून घेतलं आमच्याकडून. प्रसंग एकदा शेवटपर्यंत करायचा. ज्याच्यावर अन्याय होतो तो हरतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांतल्या कुणालाही ‘थांबा’ म्हणायची मुभा. तो उठतो, त्या पात्राच्या जागी जातो आणि वेगळं काही करून बघतो. आम्ही चाळीस शिक्षक होतो. पहिली वीस मिनिटं एकानंही थांबा म्हटलं नाही. खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसलो होतो, वर्गात मुलांनी बसावं असं आम्हाला वाटतं तसे. आणि मला त्या पत्र्याच्या शेडमधला नववीतला मुलगा आठवला. त्याला कुणी मुभा दिली नव्हती, पद्धतीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं थांबा म्हटलं होतं. पर्यायही दिला होता.

त्या शिबिरानंतर मी स्पर्धा सोडली नाही, पण ऑफ तास मागून घ्यायला लागले. आठवड्यातून एखादा मिळतो. बाक भिंतीला सरकवायचे, मधे जागा करायची. नाट्यछटेपासून सुरू केलं, कारण ती मुलांना ठाऊक असते, वक्तृत्वाच्या जोडीनं तिच्याही स्पर्धा असतात. नाट्यछटा मराठीत आणली ती दिवाकरांनी. तेही शाळामास्तरच. उणंपुरं बेचाळीस वर्षांचं आयुष्य आणि एकावन्न नाट्यछटा. त्यांच्या छटेत बोलणारा एकच असतो, समोरचा माणूस आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, पण तो मधे बोलत असतो. स्पर्धेतली मुलं नेमकं हेच गाळतात. धडाधडा म्हणून मोकळी होतात, समोरच्याला तोंड उघडायला जागाच नाही. म्हणून मी एक साधं काम देते. फोनवर बोला. खोटा फोन, पण पलीकडचं खरंच ऐका. आठवीतली एक मुलगी, वर्गात उत्तर यायचं असलं तरी हात वर न करणारी, उभी राहिली. कंपासपेटी कानाला लावली. “हां आज्जी.” मग थांबली. आम्ही सगळे थांबलो. “न्हाय, आई न्हाय घरात.” पुन्हा थांबली. तिनं कंपासपेटी उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतली आणि उजव्या हाताच्या नखानं बाकावरचा डिंक खरवडायला लागली. “व्हय. सांगते.” बराच वेळ काही नाही. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हलली नाहीत. “जेवली का तू?” एवढं म्हणून तिनं कंपासपेटी खाली ठेवली. चार वाक्यं सगळी मिळून. आजी काय बोलली ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, आणि तरी ती बोलली होती, चांगलं दीड मिनिट. खाली बसल्यावर मुलीचे कान लाल झाले होते. मी टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. का ते मला नीट सांगता येणार नाही, पण ते टाळ्या वाजवण्यासारखं नव्हतं.

अशा वेळी मला सुलभा देशपांडे आठवतात. रंगभूमीवर आणि पडद्यावर एवढं मोठं काम केलेली बाई, पण मुळात दादरच्या छबिलदास शाळेतली शिक्षिका. त्याच शाळेच्या सभागृहात १९७४पासून मराठीतली प्रायोगिक नाटकं उभी राहिली आणि ‘छबिलदास चळवळ’ हे शाळेचं नाव नाटकाच्या इतिहासात गेलं. मुलांसाठी त्यांनी ‘चंद्रशाला’ चालवली. दिवसा जिथे घंटा होते, वर्ग भरतात, त्याच इमारतीत संध्याकाळी नाटक. आमच्या शेडमध्ये पाऊस आला की पत्र्याखाली स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. तरी जागेचं दुःख मी फार करत नाही. दुःख आहे ते तासाचं. सहामाहीचा पोर्शन राहिला की पहिला जातो तो नाटकाचा तास, आणि तो मी स्वतः भूमिती शिकवणाऱ्या सरांना देऊन टाकलेला आहे, अनेकदा, कारण दहावीच्या निकालाची टक्केवारी फळ्यावर लागते तेव्हा तिथे माझंही नाव असतं.

आणि ज्या मुलानं पाय धरले, त्याचं काय? हा प्रश्न मला सोडवत नाही. तो पोरगा विलक्षण करायचा ते. रोज वेगळं रडायचा. त्याच्या आईनं प्रमाणपत्र फ्रेम करून देवघराशेजारी लावलेलं मी पाहिलं आहे. त्या एका प्रयोगानं त्याला जे दिलं ते दुसऱ्या कशानं मिळालं नसतं. अभ्यासात तो सतत मागे, आणि त्या वर्षानंतर शाळेत मान वर करून चालायला लागला. ते मी खोटं कसं ठरवू? त्याच्या घरी बाग नव्हती. त्याला ते पाय म्हणजे नाटकातले पाय होते, आणि म्हणून त्याला ते धरता आले. दोघांचंही बरोबर होतं. फक्त एकाच्या बरोबर असण्याला प्रमाणपत्र मिळालं आणि दुसऱ्याच्या हातात दोरी आली, ती मी दिली.

पडदा ओढणारा मुलगा मला मधे एकदाच भेटला, सहासात वर्षांपूर्वी, तासगावच्या स्टँडवर. गर्दी होती, सांगलीची गाडी लागत होती. माजी विद्यार्थी भेटले की आमच्याकडे वाकतात, भर रस्त्यात, हातात पिशव्या असल्या तरी. पूर्वी मीही ‘असू दे, असू दे’ म्हणत त्यांना वाकू द्यायची. हा समोर आला, हसला, हातातली फवारणीच्या औषधाची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात नीट जोडले. “नमस्कार बाई.” बाग कशी आहे विचारलं. म्हणाला, औंदा बरी हाय, आता सगळा बेदाणाच करतो, व्यापाऱ्याला कच्चा माल देत न्हाय. गाडी सुटत होती म्हणून मी चढले. खिडकीतून बघितलं तर तो पिशवी उचलून निघालाही होता. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. वहीतली हिरवी रेघ बघितली आणि ते जोडलेले हात पुन्हा दिसले.

वही मी घरी नेली नाही. मागच्या बुधवारी आठवीवर ऑफ तास मिळाला तेव्हा ती वर्गात घेऊन गेले आणि फक्त तो प्रसंग वाचून दाखवला. व्यापारी खुर्चीत बसलेला, शेतकरी दारात. कंसाशी आल्यावर थांबले आणि म्हटलं, इथे तो काय करतो ते तुम्ही सांगा. आधी लिहिलेलं काय आहे ते सांगितलं नाही. पहिली उत्तरं सिनेमातली आली. कॉलर धरतो, कानाखाली देतो. दोघांनी करून बघितलं, वर्ग हसला, आणि करणाऱ्यांनाच कळलं की यानं पैसे मिळत नाहीत. एक जण म्हणाला, पोलिसात जातो. दुसरा म्हणाला, पावती हाय का? सगळे गप्प झाले. पावती नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग कंपासपेटीवाली मुलगी उठली. पहिल्यांदाच तिनं न विचारता हात वर केला होता. म्हणाली, “बाई, ह्यो खाली बसतो. बोलतच न्हाय. जातच न्हाय तितनं.” मी म्हटलं, कर. ती दारातून आली आणि खुर्चीपासून दोन हातांवर फरशीवर मांडी घालून बसली. व्यापारी झालेला मुलगा हसला, मग म्हणाला, “उद्या या.” ती बसलेली. “परवा देतो म्हटलं ना.” ती बसलेली. त्यानं मोबाईलवर बोलायचं नाटक केलं, उठून खिडकीपाशी गेला, परत आला. तिची नजर त्याच्यावर. दोन मिनिटं, तीन मिनिटं. त्या पोराला घाम फुटला, खरा घाम. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही सांगितलं नाही. शेवटी तो खुर्चीवरून उतरला आणि तिच्या समोर, फरशीवर, बसला. त्यानं बसावं असं कुणी ठरवलं नव्हतं. बसल्यावर तो म्हणाला, “किती पेट्या हुत्या तुमच्या?”

आणि तास संपल्याची घंटा झाली. इतिहासाचे सर दारात येऊन उभे राहिले, बाक सरकवायची गडबड उडाली, फरशीवर बाकांच्या पायांचा करकर आवाज. मी टेबलाशी उभी राहून वही उघडली. लाल शाईतलं ‘पाया पडतो’, त्यावर हिरवी रेघ, वर ‘हात जोडतो’. समासात जागा होती. पुढच्या बाकावरच्या मुलाकडून पेन्सिल मागून घेतली आणि तिथे ‘खाली बसते’ एवढं लिहिलं. पेन्सिल परत करताना त्यानं वाकून वहीत बघितलं आणि विचारलं, “बाई, ही हिरवी रेघ कुणी मारली?”

मी त्याला नाव सांगितलं. “आपल्याच शाळेतला,” म्हटलं. “वाकडी गल्लीच्या टोकाला त्यांची बाग आहे.”

“मग तो आमचाच चुलता,” तो म्हणाला, आणि दप्तर उचलून बाक सरळ करायला लागला.